घरचंच दुकान आहे, बिल काय करता?

कळण्याची भाकर (अमळनेर)

आमच्याकडे कुठल्याही दुकानात जा, पाचव्या वाक्याला ओळख निघतेच. माहेर कोणतं? पारोळ्याचं? मग ते स्टँडमागचे अमके तुमचे कोण? अहो, त्यांची धाकटी सून आमच्या मावसबहिणीची नणंद! एवढं झालं की पाणी येतं, पाठोपाठ चहा येतो, आणि कप हातात आला की माझा बिल मागायचा हक्क संपतो.

उन्हाळी कामांच्या आधी मिक्सर घेतला. बिल मागितलं तर, "ताई, घरचंच दुकान आहे, बिल काय करता? काही झालं तर मी बसलोय ना." वर हळूच, "पक्कं बिल फाडलं तर अठरा टक्के वाढतील." खोक्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात हे मलाही माहीत, त्यालाही माहीत. पण मावसबहिणीची नणंद मध्ये उभी. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दिला, तारखेची जागा कोरी. पुढे उडदाची डाळ वाटताना भांड्याखालचं कपलर गेलं, जळका वास घरभर. 'बसलेला' माणूस म्हणाला, "ते कंपनीचं काम, जळगावला न्या." जळगावच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने मिक्सरकडे बघायच्या आधी विचारलं, "बिल?"

मोठ्या शहरात फसवणारा अनोळखी असतो. त्याच्याशी तोंड वर करून भांडता येतं, नाहीतर पुन्हा त्या दाराला जायचं नाही. इथे पुढच्या लग्नात तोच माणूस शेजारच्या पानावर बसलेला असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

बाकी किरकोळ दुखणी सगळ्यांची सारखीच असतील: सुट्ट्यांऐवजी चॉकलेट, डब्यासकट मिठाईचं वजन, कपड्यांच्या दुकानात आधी मोबाईल नंबर. तुमच्याकडे काय चाललंय? कुणाच्या दुकानाचं नाव लिहू नका, उगाच पंचाईत.

तापीपार (चोपडा)

मिठाईचं तर विचारूच नका ताई. दिवाळीला पेढे ६०० रुपये किलो, डबा चकचकीत, जाड पुठ्ठ्याचा. रिकामा झाल्यावर घरच्या काट्यावर ठेवला, ८० ग्रॅम भरला. म्हणजे ४८ रुपयांचा पुठ्ठा पेढ्याच्या भावाने आणला. वजनमापाच्या नियमाने माल निव्वळ वजनानेच द्यायचा असतो, डबा त्यात धरता येत नाही. उपाय सोपा आहे. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावा, शून्य करायला सांगा, मग पेढे भरू द्या. पण हे सांगायला गेलं की मागे रांग, आणि रांगेत तुम्ही म्हणता तसं कुणीतरी पाहुण्यातलं.

अजून एक. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. आमच्याकडे ट्रेपुढे फक्त नाव असतं. तेही कधी कधी शेजारच्या मिठाईचं.

अपडाऊन (भुसावळ)

आमच्याकडे उलटं. फलाटावर ओळख कसली आणि पाळख कसली. रेल्वेच्या लिटरभर पाण्याच्या बाटलीचा छापील भाव २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ चा १४ रुपये झाला. हे वाचून आनंद झाला होता. विक्रेता अजून २० ची नोट घेतो आणि खिसे चाचपतो. चाचपत राहतो. तेवढ्यात गाडी हलते. त्याचं टायमिंग आमच्या गाडीपेक्षा पक्कं आहे.

जास्त बोललं तर म्हणतो, "थंडी है ना." आता गार करायचे वेगळे पैसे छापील किमतीवर लावता येत नाहीत. रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर तक्रार होते, मी केली आहे, त्यानंतर काही दिवस त्या फलाटावर १४ ला मिळालंही. मग माणूस बदलला.

हॉटेलचं मात्र वेगळं आहे. तिथे बसून प्यायलात तर छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये मोकळीक दिली, कारण तिथे सेवाही असते म्हणे. हायवेवरच्या ढाब्यावर बाटली पोऱ्याने टेबलावर आदळली, तीही सेवाच.

गल्ल्यावरून (एरंडोल)

नमस्कार मंडळी. मी तो, ज्याला तुम्ही सगळे शिव्या घालताय. किराणा आणि थोडं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वडिलांपासून.

ताईंच्या दुकानदाराची बाजू घेत नाही. छापील किमतीवर अठरा टक्के सांगणं म्हणजे सरळ थाप आहे. आणि आमच्यासारखे बरेच छोटे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीची ठोक कराची योजना) असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर बिल द्यायची सक्ती नसते. पण मिक्सर काही २०० च्या आत येत नाही.

आता माझं ऐका. माणसं येतात, पंख्याचा फोटो काढतात, फिरवून बघायला लावतात, मग ऑनलाइन मागवतात. तो खडखडायला लागला की पंखा घेऊन माझ्याच ओट्यावर. "भाऊ, तुम्हीच बघा ना, आपलाच माणूस." इथे मी आपला. कापूस विकला की देऊ म्हणून वहीवर लिहिलेलं संक्रांत गेली तरी तसंच असतं, कापूस घरात आणि भाव कापूसवाल्याच्या मनात. मॉलला सांगा वहीवर लिहायला.

चॉकलेटचंही सांगतो. सप्टेंबर २०२५ ला साबण, शॅम्पू, बिस्किटं, फरसाण यांचा कर ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण काही दिवस पुड्यांवर पाचच्या आतबाहेर असे चमत्कारिक पैशांतले भाव छापून आले की मी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. ५० पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बंद झाली. पण ५० पैसे गिऱ्हाईक घेत नाही, भिकारी घेत नाही, दानपेटीत मात्र भरपूर निघतात. चॉकलेट मी आवडीने देत नाही हो. तुम्ही पण कधी चॉकलेट परत आणून पैशांऐवजी द्या की, मी घेईन.

कळण्याची भाकर (अमळनेर)

गल्ल्यावरून दादा, शब्द दिला आहे तुम्ही! एक बरणी साठली आहे माझ्याकडे.

लाल मिरची (नंदुरबार)

दादा, पुड्यांचं एक सांगा. पाचचा पुडा पाचलाच राहतो आणि आत हवा वाढते, ते?

गल्ल्यावरून (एरंडोल)

ते कंपनीकडून. शिव्या मला. पूर्वी चहा, बिस्किटं, कपड्याची पावडर वगैरे ठराविक वजनांतच विकायचं बंधन होतं, ती यादी सरकारने काढून टाकली. त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते छापणं आलं, २०२४ पासून सक्तीचं आहे. बारीक अक्षरात असतं, छापील किमतीच्या आसपास. दोन पुडे घेऊन ते आकडे ताडून बघा. मोठा पॅक स्वस्त पडतो हा समज पुष्कळदा तिथेच उतरतो. माझ्या दुकानात हे वाचणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही, आठवीतली एक मुलगी सोडून. तिला शाळेत प्रकल्प होता.

वखर (शिरपूर तालुका)

मिक्सर, पेढे ठीक आहे. शेतकरी पण गिऱ्हाईकच आहे, त्याचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. लांबेल.

युरियाची ४५ किलोची गोणी, छापील भाव २६६ रुपये ५० पैसे. आधी ५० किलोची होती, २०१८ ला ४५ ची केली, भावही त्या मानाने उतरवला, त्याबद्दल तक्रार नाही. डीएपी १३५० ची गोणी. कपाशीच्या बीजी-२ बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट २०२४ ला ८६४ होतं, २०२५ ला ९०१. हे सगळे भाव आम्हाला तोंडपाठ. आम्ही काही अडाणी नाही.

जूनमध्ये पाऊस पडला की कृषी केंद्रासमोर गर्दी. "युरिया आहे का?" "आहे, पण सोबत हे घ्यावं लागेल." हे म्हणजे कधी विद्राव्य खताची पुडी, कधी कसल्यातरी टॉनिकची बाटली, जिच्यावरचं नाव वाचता वाचता पाऊस निघून जाईल. याला लिंकिंग म्हणतात, याला बंदी आहे, कृषी खातं दर हंगामाला तसं सांगतंही. आता गंमत बघा. युरिया घेताना आधार लागतं, मशीनवर अंगठा ठेवला की पावती बाहेर येते. तिच्यावर २६६.५० एकदम बरोबर. त्या पावतीवर कलेक्टर आला तरी बोट ठेवता येणार नाही. सोबतच्या बाटलीचे पैसे वेगळ्या कच्च्या चिठ्ठीवर, पेन्सिलने. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. बाटली घेतली नाही तर "युरिया संपला, परवा या." परवापर्यंत पीक थांबत नाही.

ज्या बियाण्याची हवा असते त्याचंही तेच. दिवसा संपलेलं असतं, दिवेलागणीला मागच्या दाराने उगवतं, जास्तीच्या पैशाने.

तुम्ही म्हणाल तक्रार करा. ताई म्हणतात भीड. आमची भीड नाही, आमची उधारी आहे. त्याच दुकानदाराच्या वहीत माझं नाव मागच्या हंगामापासून आहे. व्याज लावत नाही म्हणतो, पण उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो. फवारणीचं औषध रात्री फोन केला तर घरून काढून देतो, हेही खरं. बापाच्या आजारपणात त्यानेच पैसे दिले होते. अशा माणसाविरुद्ध तालुक्याला अर्ज करायला मी जाऊ? आणि गेलो तर पुढच्या जूनला मला युरिया कोण देईल?

गल्ल्यावरून भाऊ, तुमच्या वहीबद्दल आदर आहे. पण वही दोन्ही बाजूंनी वाचून बघा.

पांझरा (धुळे)

वखर भाऊ, वाचून गप्प झालो.

एक सांगतो, बियाण्याचं बिल तरी सोडू नका. बी उगवलं नाही तर पंचायत समिती किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार जाते, तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्या वेळी बिल, रिकामं पाकीट, त्याच्यावरचं लेबल आणि शक्य असेल तर थोडं शिल्लक बी लागतं. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. आमच्या काकांनी पाकिटं चुलीत घातली होती. शेतकरी हाही ग्राहकच, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

सोन्याचा काटा (जळगाव)

सुभाष चौकाच्या आसपास नोकरीला आहे, इतकंच सांगतो.

सगळे दुकानदाराला धरताय, म्हणून काउंटरच्या अलीकडचं सांगतो. सोन्यात बिल टाळणारं बहुतेक वेळा गिऱ्हाईकच असतं. बाहेरगावहून जीप करून माणसं येतात, जळगावचं सोनं म्हणून मोठ्या विश्वासाने, लग्नाचं घेतात, आणि सगळं पसंत झालं की घरातला शहाणा माणूस पुढे सरकतो. "कच्च्यात किती?" लाखाच्या दागिन्यावर तीन टक्के म्हणजे तीन हजार. ते वाचले की जावई मोठा झाला. मग पाच वर्षांनी तीच मंडळी मोडायला येतात, चिठ्ठी मळलेली, अक्षर माझ्याआधीच्या माणसाचं, आणि भांडण माझ्याशी.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नसलेला दागिना विकता येत नाही (दोन ग्रॅमच्या आतले वगैरे काही अपवाद आहेत). दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेट असेल तर २२के९१६, आणि तो सहा अक्षरांचा नंबर. नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुठल्या केंद्रात तपासला, कुठला प्रकार, किती शुद्धता ते दिसतं. अंगठीचा नंबर टाकल्यावर अ‍ॅपमध्ये बांगडी दिसली तर उठा. भिंग मागा, आम्ही देतो. भिंग मागणाऱ्या बाईला दुकानात जास्त मान मिळतो, हे आतलं सांगतोय. खडे असतील तर खड्यांचं वजन सोन्यातून वेगळं लिहिलेलं पाहिजे. आणि घडणावळ टक्क्यात आहे की ग्रॅमवर ते भाव ठरवायच्या आधी विचारा, चहाच्या नंतर नाही.

पांझरा (धुळे)

ओळखीचा फायदा पण लिहा की कुणीतरी. पाचकंदीलच्या भाजीबाजारात मी एकटा गेलो तर भरताची वांगी एका भावाने. आई सोबत असली की तीच वांगी दुसऱ्या भावाने. मी मराठीत विचारतो, आई अहिराणीत. "कितला भाव शे?" त्याने सांगितला की आई पिशवी खांद्याला लावून म्हणते, "काय रे भो, माले परदेशी समजस का?" भाव उतरतो, वर मूठभर हिरव्या मिरच्या. माझ्या पँटकडे बघून तो भाव सांगत असावा असा माझा संशय आहे.

वांग्यांवरून आठवलं, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून बाजारातलं प्रत्येक हिरवं वांगं भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोद गावचं झालं. आई हातात घेते, उचलून बघते. आकाराच्या मानाने हलकं असेल तर बिया कमी. जड असलं की परत ढिगात. विक्रेता कुठलंही गाव सांगो.

चाळीसगाव ते पुणे

मूळ चाळीसगावचा, सध्या पुण्यात. तुम्ही सगळे इतके गप्प का बसता कळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू जुलै २०२० पासून. बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून त्यात लिहिलेली आहे. सदोष माल परत न घेणं तेही त्यातच. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी भिंतीवर शोभेपुरती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातून तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत, वकील लागतोच असं नाही. मोबाईल नंबरसाठी अडवू नये असं केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे. मी तर सरळ सांगतो, नंबर देणार नाही.

तापीपार (चोपडा)

माहितीबद्दल आभार भाऊ. पण पुण्यात तुम्हाला नंबर विचारणारी मुलगी उद्या तुमच्या आईला भेटून "दादा लई चिडले होते काल" म्हणत नाही. आमच्याकडे म्हणते.

कळण्याची भाकर (अमळनेर)

१९१५ लिहून ठेवला. मिक्सरचं सांगायचं राहिलं. कपलर स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून किरकोळ पैशात बसवून घेतलं, काम भागलं. दुकानदाराकडे पुन्हा गेले नाही. परवा हळदीकुंकवाला त्याची बायको भेटली, "मिक्सर कसा चालतोय ताई?" मी म्हटलं, "छान." वखर दादांचं वाचल्यापासून माझी तक्रार मलाच थिटी वाटतेय. माझं एक भांडं अडलं, त्यांचा हंगाम.

लाल मिरची (नंदुरबार)

मी एक युक्ती सांगते, वापरून बघा. आमच्याकडे वर्षाची मिरची घेतात. पथारीवरून, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावरून, आलेली मिरची ओलसर असली की वजनात मारते. मुठीत दाबली आणि मऊ वाकली तर ओली, खुळखुळली तर वाळलेली. दाबून बघितलेलं विक्रेत्याला खपत नाही, म्हणून मी आधीच म्हणते, "सासूबाई घरी दाबून बघतात हो, परत पाठवतात." सासूबाई वारल्या. पण मिरचीच्या बाबतीत त्यांचा दरारा अजून आहे.

बिलाचंही तसंच. "मला काही नको, पण ह्यांना हिशेब द्यावा लागतो." लगेच बिलबुक निघतं. ओळख शाबूत, चहा शाबूत, बिल हातात.

चाळीसगाव ते पुणे

हक्काच्या गोष्टीसाठी खोटं कशाला बोलायचं?

लाल मिरची (नंदुरबार)

तुम्ही या नंदुरबारला, खरं बोलून मिरची घेऊन दाखवा.

गल्ल्यावरून (एरंडोल)

आत्ता उलगडा झाला. माझ्या दुकानात येणाऱ्या इतक्या बायकांचे नवरे एवढे हिशेबी कसे, हे कोडं होतं. त्यातले निम्मे मला माहीत आहेत, खिशात किती आहेत हे ज्यांना सांगता येत नाही असे.

वखर भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. उत्तर सुचलं नाही. माझ्या वहीत उधारीचा भाव वेगळा लावत नाही एवढं सांगू शकतो.

वखर (शिरपूर तालुका)

तेवढं पुष्कळ आहे भाऊ. लाल मिरची ताईंची युक्ती यंदा करून बघतो. बाटलीचं पक्कं बिल द्या, बायकोला हिशेब द्यावा लागतो म्हणून. दुकानदार म्हणेल, वहिनींनाच पाठवा. पाठवतो. तिला २६६ च्या पुढचे ५० पैसेसुद्धा परत लागतात.